गाडी ‘रिकॉल’मध्ये आहे का? सेकंडहँड घेणाऱ्यांनी चेसिस नंबर तपासून घ्यावा

फैजपूर : गाडी नीट चालतेय, आवाज नाही, मग शोरूमला कशाला न्यायची, असं बऱ्याच वाहनधारकांना वाटतं. पण एखाद्या भागात कारखान्यातच दोष राहिला असेल, तर तो रोजच्या वापरात दिसेलच असं नाही. अशा ठरावीक काळात बनलेल्या गाड्या कंपनी परत बोलावते व तो भाग मोफत बदलून देते. यालाच ‘रिकॉल’ म्हणतात. अडचण अशी, की निरोप कंपनीकडे नोंद असलेल्या मालकाला जातो. गाडी दोन-तीन हात फिरून आली असेल, तर निरोप पहिल्या मालकाकडे आणि गाडी दुसऱ्याच्या दारात, असं होतं.

कायदा काय सांगतो?

देशात २०१२ पासून कंपन्या स्वतःहून रिकॉल करत होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि केंद्र सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सरकारने सक्तीने रिकॉल करायला लावलं तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर दंड नाही. सक्तीचा रिकॉल सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी आहे.

आधी काय झालं?

२०१९ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ३०० च्या काही गाड्या सस्पेन्शनचा भाग तपासण्यासाठी बोलावल्या होत्या. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलर तपासण्यासाठी बोलावल्या. त्यात अल्टो के-१०, ब्रेझा, बलेनो यांच्यासोबत ग्रामीण भागात भरपूर चालणारी ईकोही होती. भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असंही कंपनीने तेव्हा सांगितलं होतं.

ट्रॅव्हल्सवाल्यांनी काय बघावं?

लांब पल्ल्याच्या अनेक बसना पाट्यांऐवजी एअर सस्पेन्शन असतं. रबरी फुग्यांत, म्हणजे ‘बलून’मध्ये, कॉम्प्रेसर हवा भरतो आणि लेव्हलिंग व्हॉल्व्ह गाडीची उंची सारखी ठेवतो. बलून किंवा व्हॉल्व्ह सदोष असेल तर गाडी एका अंगाला बसते आणि वळणावर तोल जाण्याची भीती असते. उभी गाडी एका बाजूला खाली बसणं, हवा सुटल्याचा आवाज येणं किंवा प्रेशर भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणं, यातलं काहीही दिसलं तर प्रवासी घेऊन निघू नये. बलून नंतर गॅरेजमध्ये बसवला असेल तर त्याचं बिल जपून ठेवावं.

तपासायचं कसं?

• आरसीवरचा चेसिस नंबर बघावा. आताच्या गाड्यांवर तो १७ अंक-अक्षरांचा असतो.
• कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या रकान्यात तो टाकावा. जमत नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर सांगावा.
• गाडी विकत घेतली की ३० दिवसांत आरटीओकडे नावावर करायला द्यावी. सर्व्हिस सेंटरलाही नवा पत्ता व मोबाईल नंबर द्यावा. आरसी बदलली म्हणून कंपनीकडची नोंद आपोआप बदलेलच असं नाही.
• काम झाल्यावर जॉबकार्डवर रिकॉलचं काम केल्याची नोंद करून घ्यावी.

पैसे मागितले किंवा टाळाटाळ केली तर?

रिकॉलच्या कामाचे पैसे ग्राहकाकडून घेता येत नाहीत, वॉरंटी संपली असली तरी. आधी सर्व्हिस सेंटरकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. आरसी, बिलं, जॉबकार्ड आणि तक्रारीची पोच एकाच फाइलला लावून ठेवावी.