शंखातला शिकारी

इन्सुली हे दक्षिण कोकणात बांद्याच्या अलीकडचं, समुद्रापासून आत असलेलं गाव. पण शंखातला असुर इथेही ओळखीचा. या सगळ्या टापूत दशावताराच्या रात्री आडदशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, काळ्या वेशातला संकासूर (शंखासुर) येतो, वेद पळवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. भागवतातली कथा याच्याच जवळची. गुरू सांदीपनींच्या मुलाचा शोध घेताना कृष्णाने शंखरूपाने राहणाऱ्या पंचजनाला मारलं आणि त्याचा पांचजन्य शंख घेतला.

कथेतला असुर जाऊ दे, पण शंखात शिकारी खरोखरच राहतो. पूजेतल्या शंखाचं शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. लिनियसने त्याची नोंद 1767 साली केली. ही गोगलगाय समुद्रतळाच्या वाळूत फिरते आणि वाळूतले किडे धरून खाते. जिवंतपणी शंख पांढराशुभ्र दिसत नाही, त्यावर तपकिरी साल असते. ती खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो. तोंडातून आत पाहिलं तर मधल्या दांड्यावर तीन-चार ठळक पीळ दिसतात. खरा शंख ओळखायची ही खूण.

जाड कवचामुळे माणसाने त्याला कापायला घेतलं. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी गुजरातेतल्या नागेश्वरला हडप्पा संस्कृतीचे कारागीर शंखाच्या बांगड्या करत. पुढे हा माल देशावर पोचला. नेवासे आणि तेर इथल्या उत्खननांत शंखाच्या बांगड्या मिळाल्या. मन्नारच्या आखातात पाणबुडे शंख काढत आणि ते बंगालला जात. तिथे सवाष्णीच्या हातातली शाँखा ही बांगडी आजही या शंखाचीच. या सगळ्या व्यापाराची तपशीलवार हकिकत मद्रासच्या मत्स्यखात्यातल्या जेम्स हॉर्नेल यांनी 1914 साली लिहून ठेवली.

पण उपसलेले शंख पुन्हा भरून येणं मादीवर अवलंबून. ती शिंगासारखी पीळदार अंडपेटी वाळूत रोवते. पिल्लं त्यातून चिमुकला शंख पाठीवर घेऊनच बाहेर सरपटतात, प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत. त्यामुळे एक जागा उपसली की दुसरीकडून भर येत नाही, ती सावरायला फार काळ लागतो. लहान शंख पुन्हा समुद्रात सोडायचा दंडक मन्नारच्या किनाऱ्यावर होता तो यासाठीच. किनाऱ्यावरच्या दुकानांत बोटाएवढे शंख शोभेसाठी विकायला असतात, ते घेऊ नयेत. पूजेला शंख हवाच असेल तर घरातला आजीचा जुना वापरावा, नाहीतर पूर्ण वाढलेला एकच घ्यावा आणि तो पुढच्या पिढीला द्यावा.