प्रसवपूर्व चाळणी परीक्षा

गर्भारपणाच्या अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांदरम्यान श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या (सोनोग्राफीच्या) साहाय्याने गर्भातील दोषांची संभाव्यता अजमावण्याची पद्धती. ग्लासगो येथील इअन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या तंत्राचा प्रसूतिविद्येत पाया घातला. लंडन येथे कीप्रोस निकोलाइडिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये गर्भाच्या मानेमागील त्वचेखाली साचणाऱ्या द्रवाची वाढलेली जाडी आणि गुणसूत्रदोष यांचा संबंध दाखवून दिला.

तथापि ही जाडी म्हणजे निदान नव्हे. संभाव्यता १०० मध्ये १ आली, तर तशा १०० गर्भांपैकी सुमारे ९९ गर्भांत तो विकार नसतो. गुणसूत्रे निर्दोष असतानाही जाडी वाढलेली आढळते; अशा वेळी गर्भाच्या हृदयाचीही तपासणी करतात. निश्चितीसाठी वारेचा अंश किंवा गर्भजल तपासावे लागते. निष्कर्ष हाती येईपर्यंतचा काळ मातापित्यांची कसोटी पाहणारा असतो. त्यामुळे शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये नामकरण केलेले आनुवंशिकीय समुपदेशन, म्हणजे आकड्यांचा अर्थ उलगडून सांगणे व निर्णय मातापित्यांवरच सोपविणे, हे या परीक्षेचे आवश्यक अंग मानले जाते.