जोखमीचे टपाल

आपल्या जुन्या व्यवहारात वाटेने न्यायच्या मौल्यवान ऐवजाला 'जोखीम' असेच म्हणत. दागिना घेऊन निघालेल्या माणसाला 'अंगावर जोखीम आहे, जपून जा' असे बजावले जाई. ही जोखीम ज्या दिवशी टपालात पडली, त्या दिवसापासून चोरही तिच्या मागावर आहे. एखादा संग्राहक दुर्मीळ तिकीट परगावी धाडतो तेव्हा तर मौजच होते. जो कागदाचा तुकडा एके काळी हशील म्हणून पाकिटावर डकवला गेला, तोच आता ऐवज होऊन पाकिटाच्या आत बसतो. ते पाकीट ज्यांच्या हातांतून जाणार, त्यांतल्या एकालाही आपण ओळखत नसतो. मग आपण विसंबतो तरी कशावर?

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये घोड्यावरून टपाल नेणाऱ्या पोरांना वाटमारे सहज लुटत. तेव्हा टपालखात्यानेच लोकांना सल्ला दिला की, नोटेचे दोन तुकडे करावेत आणि एक पोचल्याचे कळल्यावरच दुसरा धाडावा. हिंदुस्थानातही ही चाल पुढे रुळली होती. अर्धी नोट चोराच्या काय कामाची? युक्ती नामी खरी. पण रत्नाचे किंवा तिकिटाचे दोन तुकडे कोण करणार?

दुसरा उपाय पहाऱ्याचा. बाथ येथील नाटकगृहाचे मालक जॉन पामर यांच्या आग्रहावरून २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनकडे पहिली टपालगाडी निघाली. तिच्यावर हत्यारबंद रखवालदार होता. वाटमाऱ्याला जरब बसली. परंतु चोर घरातलाच असेल तर बंदूक कोणावर रोखावी? त्यावर तिसरा उपाय निघाला, तो सहीचा. रजिस्टर टपालात वस्तू हातातून हातात जाताना नोंद होते. ती कोठे नाहीशी झाली हे त्यावरून शोधता येते. तिला विम्याची जोड मिळाली. आपल्या टपालखात्याने १८७८ साली विमा सुरू केला.

या नोंदीवर किती भरवसा होता, याची साक्ष दोन हिरे देतात. १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत ३,१०६ कॅरटचा कलिनन सापडला. लंडनला जाणाऱ्या बोटीवर पहाऱ्यात ठेवला तो नकली खडा. खरा हिरा साध्या पेटीतून टपालाने गेला. गोवळकोंड्याच्या मुलखातील कोल्लूरच्या खाणीचा वारसा सांगणारा होप हिरा ८ नोव्हेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कहून तपकिरी कागदात गुंडाळून रजिस्टर टपालाने निघाला. त्याचा विमा दहा लाख डॉलरांचा होता आणि एकूण खर्च आला १४५ डॉलर २९ सेंट. १० तारखेला तो वॉशिंग्टनच्या संग्रहालयात सुखरूप पोचला.

उलट ८ ऑगस्ट १९६३ ची गोष्ट पाहा. ग्लासगोहून लंडनला येणाऱ्या टपालगाडीत मौल्यवान पाकिटांचा डबा वेगळा काढलेला होता. दरोडेखोरांनी खोट्या लाल दिव्याने गाडी थांबवली आणि सुमारे २६ लाख पौंड पळवले. कोणत्या डब्यात धन आहे, हे शोधण्याचे श्रम त्यांना पडले नाहीत.

यावरून आम्हांस दिसते ते असे. वस्तू चारचौघांत बेमालूम मिसळलेली असावी, पण तिची नोंद मात्र एकाही टप्प्यावर तुटू नये. पहिल्या गोष्टीने बाहेरचा चोर फसतो, दुसरीने आतला वचकतो.

वचक कायद्याचाही लागतो. १८९८ च्या टपाल कायद्यात टपालातील चोरी करणाऱ्या नोकराला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. मात्र वस्तू हरवल्यास, जेवढी हमी खात्याने स्पष्टपणे घेतली असेल तेवढीच जबाबदारी त्याच्यावर होती. जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात चोरीचे असे खास कलम नाही. ती आता सामान्य फौजदारी कायद्याची बाब आहे. रजिस्टर टपालही २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले.

नावे बदलोत, कलमे बदलोत. पण हिऱ्याच्या धन्याला विम्याने भरपाई मिळेल. आजोबांनी जमवलेले तिकीट गहाळ झाले तर नातवाला पैशाने ते परत मिळणार नाही. त्याच्यासाठी 'माझ्या हाती हे आले व माझ्या हातून पुढे गेले' एवढे लिहून देणारा माणूसच खरा रखवालदार. ती सही जोवर खरी आहे, तोवरच जोखीम टपालात टाकण्यात शहाणपण आहे.