कानमुशीच्या वाटेवर : प्रस्तावना

हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशीला, म्हणजे हॅमरहेड शार्कला, कोकण किनाऱ्यावर कानमुशी म्हणतात. डोक्याच्या दोन्ही बाजू कानांसारख्या पसरलेल्या, म्हणून हे नाव. खरे तर त्या पसरट डोक्याच्या टोकांना डोळे असतात, डोळ्यांजवळ नाकपुड्या. कान आत दडलेले. तरीही मला हे नाव मोलाचे वाटते. जिथून या माशाचा अभ्यास सुरू व्हावा, नेमक्या त्याच जागी ते बोट ठेवते.

त्या डोक्याच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रे असतात आणि छिद्रांमागे जेलीने भरलेल्या नळ्या. वाळूत लपलेल्या पाकटाच्या शरीराभोवतीचे अतिक्षीण विद्युतक्षेत्र त्यांना जाणवते. काजिउरा आणि हॉलंड यांनी २००२ मध्ये कानमुशीच्या पिल्लांची साध्या डोक्याच्या मुशीच्या पिल्लांशी तुलना केली. दोघींची संवेदना जवळपास सारखीच निघाली. मात्र रुंद डोक्यामुळे कानमुशी एका फेरीत अधिक तळ धुंडाळत होती. इतक्या दूर बसलेल्या डोळ्यांना समोरचे कसे दिसणार, ही जुनी शंका २००९ मध्ये फिटली : दोन्ही नजरा समोर ३२ अंशांपर्यंत एकमेकींवर येतात. हवाईजवळच्या कानमुशी रात्री ८०० मीटरखालच्या थंडगार पाण्यात सूर मारतात आणि तेवढा वेळ कल्ले मिटून, म्हणजे जणू श्वास रोखून, अंगातली ऊब राखतात, हे तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या विषयात पहिलेपणाचा आनंद अजून शिल्लक आहे, तो असा.

पण सुरुवात बंदरावरच करावी. लिलावाच्या ढिगात हातभर लांबीचे पिल्लू दिसले, तर ते उलटे करून पाहा. छातीच्या परांच्या मध्ये नाळेची न भरलेली खूण दिसेल. कानमुशी अंडी घालत नाही. नऊ-दहा महिने पोटात वाढवून १२ ते ४१ पिल्लांना जन्म देते. जन्मताना त्यांचे डोके मऊ असते, मागे दुमडलेले. ती ओली खूण सांगते, की हे पिल्लू जन्मून फार दिवस झालेले नाहीत आणि आईने त्याला उथळ, किनाऱ्यालगतच्या पाण्यात सोडले होते. जाळीही तिथेच लागतात. उशिरा वयात येणाऱ्या माशाला हे सोसत नाही. २०१९ मध्ये ही जात जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरली, त्यामागे जाळ्यांचा वाटा मोठा आहे.

हे मी समुद्रापासून दूर, हैदराबादच्या कुकटपल्लीत बसून लिहितो आहे, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही. शेजारच्या प्रगतीनगरात १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहांनी टिपून मासळी कुठे मिळेल, याचा अंदाज तिथून मच्छीमारांना जातो. पाण्याचे तापमान कानमुशीची वाटही ठरवते. म्हणून इथल्या जेएनटीयू विद्यापीठात संगणक शिकणाऱ्या मुलीला या अभ्यासात जागा आहे, तशीच ती मालवणच्या बंदरावर मासळी निवडणाऱ्या मावशींनाही आहे. एकीला नकाशा वाचता येतो, दुसरीला नाळेची खूण. दोघींचे ज्ञान एका वहीत आले, तर पिल्ले कुठे आणि केव्हा जन्मतात हे कळेल. आणि तेवढे कळले, तर तेवढ्या दिवसांपुरती तिथली जाळी आवरण्याबद्दल कोळ्यांशी बोलता येईल.

पुढची प्रकरणे त्या वहीची पहिली पाने आहेत. उरलेली तुम्ही भरा.

कुकटपल्ली, हैदराबाद