सामना सुटल्यावर: नीरा-भीमेच्या संगमावरचे कॉलेज-प्रेक्षक

नकाशा हाताशी असेल तर उघडून ठेवा. पुणे जिल्ह्याची आग्नेय बाजू बघा. जिल्हा खाली निमुळता होत जातो, इंदापूर तालुका लागतो, आणि त्या तालुक्याचंही टोक जिथे संपतं तिथे नरसिंहपूर आहे. नीरा आणि भीमा इथे एकत्र येतात. नीरा ओलांडली की माळशिरस तालुका, भीमा ओलांडली की माढा तालुका, दोन्ही सोलापूर जिल्ह्यात. विंचूरकर सरदारांनी अठराव्या शतकात उभारलेलं नृसिंहाचं मंदिर आणि तिथले घाट यांच्यामुळे लोक हे गाव ओळखतात. पण आज आम्ही मंदिराविषयी बोलणार नाही. आम्ही बोलणार आहोत कॉलेजची मॅच बघायला जाणाऱ्या पोरांविषयी, आणि मॅच सुटल्यावर ती कुठे खायला बसतात याविषयी.

हा काय इतिहासाचा विषय झाला, असं कुणी म्हणेल. आमचं उत्तर असं की खेळाडूंचा इतिहास थोडाफार लिहिला गेला, संस्थाचालकांचा तर भरपूर लिहिला गेला, प्रेक्षकाचा मात्र कुणी लिहिला नाही. कॉलेजच्या क्रीडा विभागात जुन्या फायली काढून बसा. संघाची यादी सापडेल, निकाल सापडेल, टीए-डीएच्या पावत्यासुद्धा सापडतील, पण त्या दिवशी मैदानाभोवती कोण उभं होतं, कुणाच्या नावानं ओरडत होतं, याची एक ओळ मिळायची नाही. आणि खेळ टिकतो तो या न लिहिलेल्या माणसांवर.

थोडं लांबून येऊ या. बास्केटबॉल हा खेळ कुठल्या गावच्या परंपरेतून आलेला नाही, एका माणसानं तो ठरवून तयार केला. डिसेंबर 1891, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड, वायएमसीएची प्रशिक्षण शाळा. बाहेर बर्फ, आत कंटाळलेली तरुण मुलं. जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं तेरा नियम लिहिले आणि पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकायला लावल्या. तो सज्जा दहा फूट उंच होता, म्हणून आजही जगभर कडं दहा फुटांवर. नेस्मिथ पुढे 1898 मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेला आणि तिथल्या संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. गंमत बघा, जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त, असा त्या विद्यापीठाचा प्रशिक्षक आजवर एकच, आणि तो म्हणजे खुद्द खेळाचा जनक!

त्याच कॅन्सस राज्यात, विचिटा नावाच्या शहरात, 1921 मध्ये व्हाइट कॅसल नावाचं दुकान निघालं. पाच सेंटला एक छोटा बर्गर. बर्गरची साखळी दुकानं तिथून सुरू झाली. आता या दोन गोष्टींचा थेट संबंध आहे असं आम्ही म्हणत नाही. पण स्वस्त, गरम, हातात धरून खाण्याजोगा पदार्थ आणि कॉलेजचा सामना यांची सोबत अमेरिकेतल्या लहान गावांत जमली ती कायमची. तिथल्या छोट्या कॉलेजांचे पाठीराखे आजही गप्पा मारायला बसले की पाच मिनिटं खेळावर जातात आणि पुढचा अर्धा तास कुठल्या गावात बर्गर चांगला मिळतो यावर. परगावच्या सामन्याला जायचं ठरतं तेही बहुधा यावरच.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणजे मुंबईचा नागपाडा. तिथे 1927 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ड यांनी नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केलं. याच जागेत 1936 मध्ये टाटांची समाजकार्याची शाळा भरायला लागली, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं बीज. त्या वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की भारताचा कर्णधार अब्बास मुंतसिर तिथूनच आला. 1970 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. आणि नागपाड्यात खेळाविषयी बोलायचं तर सारवी हॉटेलच्या सीख कबाबांचा विषय किती वेळ टाळणार? मैदान, घर आणि हॉटेल हाकेच्या अंतरावर. खेळणारा, बघणारा आणि खाऊ घालणारा एकाच गल्लीतला. खेळ रुजायला याहून वेगळं खतपाणी लागत नाही असं आमचं मत आहे.

आता परत आपल्या संगमावर येऊ. इथे बास्केटबॉल का रुजला नाही हे सांगायला फार शब्द नकोत. त्याला टणक, सपाट जमीन लागते, फळा लागतो, कडं लागतं, आणि पोरांना फुटलेला चेंडू बदलून देणारं कुणी लागतं. कबड्डीला काय लागतं? माती भिजवली, चोपली, फक्की मारली की मैदान तयार. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं, 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ झाली, आज ती मॅटवर गेली, हे सगळं खरं. पण इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात तिला आधीपासून तयार प्रेक्षक मिळाला होता. तो जत्रेनं घडवला होता.

जत्रेतल्या कुस्त्या आठवा. सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या, त्या रेवड्यांवर. जिंकला तो मूठभर रेवड्या घेऊन पळाला. मग नारळावर, मग रुपयांवर, आणि शेवटी मोठी निकाली कुस्ती. म्हणजे बक्षिसाची पहिली पायरीच खाण्याची! हलगी वाजतेय, बाजूला गोडीशेव आणि जिलेबीची पालं लागलीत, भेळ कालवली जातेय. बघणारा माणूस दुपारी येतो तो अंधार पडल्यावर उठतो. या माणसाला प्रेक्षक व्हायचं शिक्षण वेगळं द्यावं लागलं नाही. डाव कसा फसला हे तोंडात भेळेचा घास असताना सांगायची त्याला पिढ्यांची सवय होती.

या माणसाच्या मुलानं कॉलेजात जायचं ठरवलं, आणि इथून आमचा खरा मुद्दा सुरू होतो.

पुणे विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झालं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले बारा जिल्हे त्याच्याकडे होते. पुणे त्यात, सोलापूरही त्यात. संगमाच्या दोन्ही काठांचं विद्यापीठ एकच होतं. पण इकडे बारामती-इंदापुरात तेव्हा कॉलेज कुठे होतं? बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालं ते 1962 मध्ये. आणि त्याच 1962 च्या नोव्हेंबरात कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं आणि सोलापूर जिल्हा तिकडे गेला. ज्या वर्षी या भागात कॉलेज आलं त्याच वर्षी नदीच्या मधोमध विद्यापीठाची हद्द आली. कुणी मुद्दाम केलं असं नाही. कोल्हापूरला विद्यापीठ हवंच होतं, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण परिणाम काय झाला तो बघा.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विद्यापीठाच्या आत होतात. पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक असे विभाग. आधी विभागात खेळायचं, जिंकलात तर आंतरविभागीय, तिथून निवड झाली तर विद्यापीठाच्या संघात. इंदापूरचा संघ नाशिकच्या संघाशी खेळू शकतो. नदीपलीकडच्या अकलूजच्या कॉलेजशी मात्र या स्पर्धेत त्याची गाठ पडत नाही, कारण अकलूज आधी शिवाजी विद्यापीठात होतं आणि 1 ऑगस्ट 2004 पासून सोलापूर विद्यापीठात आहे. त्यांची भेट व्हायची तर दोन्हीकडच्या खेळाडूंनी आपापल्या विद्यापीठाच्या संघात निवडून यायचं, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत किंवा ‘अश्वमेध’मध्ये समोरासमोर यायचं. तेही कुठल्या तरी तिसऱ्याच शहरात, जिथे नरसिंहपूरचा एकही माणूस बघायला नसणार.

समजा नरसिंहपूरच्या एका घरातले दोन भाऊ. थोरला इंदापूरला शिकला, धाकटा अकलूजला. दोघंही कबड्डी खेळतात. एकाच अंगणात एकमेकांची पकड करून मोठे झाले. कॉलेजात गेल्यावर या दोघांचा अधिकृत सामना जवळपास अशक्य! आणि गावानं कुणाच्या बाजूनं ओरडायचं? कॉलेजच्या खेळाला रंग चढतो तो शेजाऱ्याशी असलेल्या चढाओढीनं. ज्याची भाकरी आपल्यासारखी, ज्याच्या घरात आपली आत्या दिली, त्याला हरवण्यात खरी मजा. लांबच्या शहरातल्या अनोळखी संघाला हरवून कुणाला चिडवणार? आमचं म्हणणं असं की संगमाच्या कॉलेज-प्रेक्षकाकडून ही चढाओढ 1962 मध्ये काढून घेतली गेली, आणि त्याची नोंद कुठल्याही क्रीडा इतिहासात नाही.

मग हा प्रेक्षक गेला कुठे? तो खाण्याच्या जागी जमला. मैदानावर जे मिळालं नाही ते त्यानं बाकड्यावर मिळवलं. हद्द विद्यापीठाला असते, हॉटेलाला नसते. पुणे-सोलापूर रस्त्यावर इंदापूर आणि टेंभुर्णी यांच्यामध्ये भीमा आहे, म्हणजे जिल्ह्याची हद्द आहे, पण त्या रस्त्यावरच्या ढाब्यावर बसलेल्या पोरांना तुम्ही कुठल्या विद्यापीठाचे असं विचारून रस्सा वाढत नाहीत. इथे दोन्ही काठांची पोरं एका टेबलावर येतात आणि न झालेले सामने खेळतात. आमचा चढाईपटू असता तर, तुमचा कोपरारक्षक असता तर. जगातले सगळे पाठीराखे हेच करतात म्हणा, पण बाकीच्यांना निदान पुढच्या वर्षीचा सामना असतो.

या खाण्यालाही इतिहास आहे. जत्रेतल्या भेळेनंतर आला वडापाव. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला असं सांगितलं जातं. पुढे तो राज्यभर पसरला आणि एसटी स्टँडचा पदार्थ झाला. आपला बर्गर तो हाच. हातात धरता येतो, उभ्यानं खाता येतो आणि भत्त्याच्या पैशात बसतो. हे शेवटचं महत्त्वाचं. खेळाडूला मिळालेला भत्ता त्याच्या एकट्याच्या पोटात कधीच जात नाही. सोबत ओरडायला आलेले चार जण त्यात धरलेले असतात.

मग भिगवणची मासळी. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं, काठची गावं उठली, सुपीक जमिनी बुडाल्या. त्या पाण्यावर पक्षी आले, मच्छीमार आले आणि मूळची आफ्रिकेतली चिलापी तिथे इतकी माजली की भिगवण मासळीच्या हॉटेलांसाठी प्रसिद्ध झालं. सामना जिंकला तर मासळी, हरला तर वडापाव, असा हिशोब ज्यांनी केला नाही त्यांनी कॉलेज केलं असं आम्ही मानत नाही. पण चिलापीचा तुकडा मोडताना त्याच पाण्याखाली कुणाची तरी शेतं आहेत हे विसरू नये. ज्या घरांच्या जमिनी गेल्या त्या घरांतलीही पोरं याच टेबलांवर बसलेली आहेत.

एक गोष्ट मात्र आम्ही आतापर्यंत सोयीस्करपणे टाळली. हे सगळं वर्णन मुलग्यांचं झालं. मुलींचे संघ होते, आहेत. आणि कसे संघ! जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी तो जिंकला आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. पुरुषांनीही जिंकला, प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली, तोही महाराष्ट्राचाच. पण खेड्यातून कॉलेजला येणाऱ्या मुलीचा सामना संपतो तेव्हा तिचं लक्ष घड्याळाकडे असतं. गावची शेवटची एसटी. मैदान, मग स्टँड, मग घर. ढाब्यावर बसून सामना पुन्हा खेळायची चैन तिच्या वाट्याला आली नाही, आणि तिच्या सामन्याला आलेल्या मैत्रिणींच्याही नाही. म्हणून मुलींच्या संघांच्या गोष्टी गावात कमी ऐकू येतात. खेळ कमी पडला म्हणून नव्हे. तो सांगायला बसायची जागाच नव्हती. बसमध्ये, खिडकीशी, पुढच्या सीटवर वाकून जे बोलणं होतं तेवढंच. तेही हळू आवाजात, कारण बसमध्ये गावातलं कुणी ना कुणी असतंच. आम्हांला विचाराल तर या विषयाचं खरं दफ्तर त्या बसमध्ये आहे, आणि ते उघडायला एखाद्या मुलीनंच बसलं पाहिजे.

वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला, नरसिंहपूरला दोन्ही काठांची माणसं येतात. त्या दिवशी घाटावर उभं राहून ऐका. कुणी माळशिरसचा, कुणी माढ्याचा, कुणी इंदापूरचा. दर्शन झालं की पोरं घोळका करून बसतात, कागदावर भेळ येते आणि कुणीतरी विचारतंच, यंदा तुमच्या कॉलेजचं काय झालं रे? मग दोन विद्यापीठांचे निकाल एका कागदावर शेजारी शेजारी मांडले जातात, आणि कोण भारी यावर भेळ संपली तरी एकमत होत नाही.

इथे थांबतो. समोर बसलेल्यांत अकलूजकडचं कुणी असेल तर पहिला प्रश्न त्यांचा.