पेडल स्टील गिटार ऐकताना: वाद्याचा इतिहास शोधायचा कुठे?

समजा, तुम्हाला एखाद्या वाद्याचा इतिहास लिहायचाय. सुरुवात कुठून कराल? आपण बहुतेक जण संगीतप्रकाराच्या नावाने शोधायला लागतो. पेडल स्टील गिटारच्या बाबतीत हीच सवय फसवते. कशी, ते बघू.

हवाईच्या जोसेफ केकुकूने 19व्या शतकाच्या अखेरीस गिटारच्या तारांवर पोलादी तुकडा सरकवत वाजवण्याची पद्धत रुजवली. 1930च्या दशकात हे वाद्य इलेक्ट्रिक झालं. मग पायही कामाला लागले. पेडल दाबलं की ठराविक तारेचा ताण बदलतो आणि सूर चढतो किंवा उतरतो. 1954मध्ये गाजलेल्या वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं. एक सूर स्थिर, दुसरा सरकतोय, असा तो आवाज. पुढे तो कंट्री संगीताची ओळखच बनला.

प्रकारानुसार शोधलंत, तर गोष्ट इथेच संपते.

आता सुझन अल्कॉर्न (1953–2025) ऐका. टेक्ससमधल्या कंट्री बँडमध्ये वाजवणाऱ्या अल्कॉर्न पुढे मुक्त इम्प्रोव्हायझेशनकडे वळल्या. म्हणजे चाल, ताल, स्वरक्रम, काहीच आधी ठरलेलं नाही. वाद्य मात्र तेच, पेडलही तीच.

पहिल्यांदा ऐकताना चाल शोधू नका, नाहीतर हाती काहीच लागणार नाही. सूर कुठून सुटतो, कुठे विरतो, मधली शांतता किती टिकते, ते ऐका. या वाद्यावर पडद्यांच्या रेषा फक्त खुणेपुरत्या असतात, त्यामुळे दोन सुरांमधली सगळी जागा वादकाला मोकळी असते. मींड ऐकलेल्या कानाला हे फार परकं वाटू नये. ब्रिजभूषण काब्रांनी हवाईयन गिटारवर राग वाजवले, तेव्हा हाच गुण कामी आला.

संशोधक म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, अशा वादनाची आधी लिहिलेली स्वरलिपी नसते, म्हणून ध्वनिमुद्रण हाच मुख्य पुरावा. पण तो त्या एका वेळच्या वादनाचा पुरावा आहे, वादकाच्या सगळ्या कामाचा नव्हे. दोन, कंट्री म्हणजे 'आधीची पायरी' आणि मुक्त वादन म्हणजे 'प्रगती', असं लिहू नका. अल्कॉर्न यांचा हात कंट्रीतच तयार झाला होता.

या आठवड्यात आयझॅक्सचं एक आणि अल्कॉर्न यांचं एक ध्वनिमुद्रण तीनतीनदा ऐका. मिनिट-सेकंद टाकून टिपणं काढा. प्रकाराचं लेबल शेवटी लावा. बघा, प्रश्नच बदललेला असेल.