घर न सोडता: ‘ऑन लोक’ची वाटचाल

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये १९७० च्या सुमारास म्हातारी माणसे कशी राहत होती, हे आधी सांगायला हवे. ‘ऑन लोक’ या संस्थेने पुढे जे काही केले, त्याचे मूळ तिथे आहे. चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी घालणारा कायदा १८८२ मध्ये झाला आणि तो १९४३ पर्यंत टिकला. त्या काळातही पोटासाठी आलेल्या अनेक पुरुषांना बायको-मुलांना आणता आले नाही आणि ते तिथेच एकटे म्हातारे झाले. एका माणसापुरती खोली, मजल्यावर सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर आणि वर जायला जिना, अशी स्वस्त हॉटेले हेच त्यांचे घर होते. खाली उतरले की त्या शहराचे दमवणारे चढ. शेजारच्या नॉर्थ बीचमधले इटालियन आणि कर्नी स्ट्रीटच्या बाजूचे फिलिपिनो म्हातारेही अशाच अडचणीत होते. इंग्रजी बेताचे, त्यामुळे दुखते कुठे हे डॉक्टरला सांगण्यापासूनच प्रश्न.

सार्वजनिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे दंतवैद्य विल्यम गी आणि वस्तीतली काही जाणती मंडळी यांच्या मनात पहिल्यांदा आले ते नर्सिंग होम. अमेरिकेत तेव्हा परावलंबी वृद्धांसाठी दुसरी वाट फारशी नव्हतीच. या योजनेचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी मेरी-लुईझ अनसाक या समाजकार्यकर्तीला बोलावले. अनसाकबाईंनी हिशेब मांडला आणि नर्सिंग होम नको, असे सांगितले. शहरातल्या जागेचे भाव परवडणारे नव्हते, चिनी किंवा इटालियन बोलणाऱ्या परिचारिका हव्या तेवढ्या मिळणार नव्हत्या. शिवाय आईबापांना संस्थेत नेऊन ठेवणे वस्तीतल्या घरांना पटणारे नव्हते. बांधकामासाठी जमलेल्या मंडळींसमोर बांधकामच नको म्हणणे सोपे नसते. माझ्या मते संस्थेची खरी स्थापना त्या अहवालात झाली. १९७१ ची नोंदणी हा नंतरचा सोपस्कार.

मग पर्याय काय? ब्रिटनमध्ये दिवसाची रुग्णालये चालत. वृद्ध रुग्णाने सकाळी यायचे, तपासणी, व्यायाम, जेवण उरकायचे आणि रात्री आपल्या अंथरुणावर झोपायचे. तोच नमुना अनसाकबाईंनी घेतला. १९७३ मध्ये नॉर्थ बीचमधल्या एका जुन्या नाइटक्लबच्या जागेत केंद्र सुरू झाले. संस्थेचे नाव कँटनी भाषेतले, सुखशांतीचे घर अशा अर्थाचे. वृद्धांसाठीचे असे दैनंदिन आरोग्यकेंद्र अमेरिकेत तेव्हा जवळजवळ नवीनच होते.

आपल्याकडच्या महापालिकांची विरंगुळा केंद्रे वाचकांच्या ओळखीची आहेत. वर्तमानपत्रे, कॅरम, भजन, वाढदिवस. त्या केंद्रांनी अनेकांचा एकटेपणा हलका केला आहे आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण तिथवर स्वतःच्या पायांनी जाता येणे ही अट न लिहिताही असतेच. गुडघे गेले, तोल जाऊ लागला, लघवीवर ताबा राहिला नाही की माणूस नेमका तिथून गळतो. ‘ऑन लोक’ने काम सुरू केले ते अशा गळणाऱ्या माणसांपासून. दाराशी गाडी येणार, केंद्रात परिचारिका असणार, आंघोळ घालायला माणूस असणार, ताटात ओळखीचे जेवण असणार.

पुढची वाढ एकेका उणिवेतून झाली. १९७४ मध्ये गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून, म्हणजे मेडिकेडमधून, केंद्राच्या सेवेचे पैसे मिळू लागले. पण दुपारी घरी सोडलेल्या माणसाची संध्याकाळ उरतेच. म्हणून १९७५ मध्ये घरी जाऊन मदत करणारी माणसे आणि घरपोच जेवण आले. तरी औषधोपचार बाहेरच्यांच्या हाती राहिले. हृदयाचा डॉक्टर एक गोळी देतो, सांध्यांचा दुसरी, दोघांची गाठ पडत नाही आणि दोन्ही गोळ्या मिळून म्हातारीला चक्कर येते. १९७८ मध्ये संस्थेने वैद्यकीय उपचारही आपल्या छत्राखाली आणले, आणि १९७९ मध्ये केंद्र सरकारने हा सगळा मेळ चार वर्षे चालवून पाहण्यासाठी अनुदान दिले.

त्यानंतर आला पैशाचा निर्णय, आणि मला या संस्थेबद्दल लिहावेसे वाटले ते त्यासाठी. १९८३ पासून ‘ऑन लोक’ने दर कामाचे वेगळे बिल लावणे सोडले. प्रत्येक वृद्धामागे सरकारी योजनांकडून दरमहा ठरावीक रक्कम मिळणार आणि त्यात त्या माणसाचे सगळे करायचे: डॉक्टर, औषधे, गाडी, जेवण, रुग्णालय, आणि वेळ आलीच तर नर्सिंग होमसुद्धा. खर्च वाढला तर तोटा संस्थेचा. लहानशा संस्थेसाठी हा मोठा धोका होता.

या व्यवस्थेत काय बदलते, हे आपल्या मेडिक्लेमकडे पाहिले की समजते. आजी न्हाणीघरात घसरली, खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेचा लाखांचा दावा मंजूर होतो. तिच्या न्हाणीघरात आधाराची दांडी आणि न घसरणारी फरशी बसवायला काही हजार लागतील, पण त्यासाठी कुठलीही पॉलिसी छदाम देत नाही. मोडलेल्या हाडाला पैसे आहेत, न मोडलेल्याला नाहीत. अमेरिकेतही बिलागणिक पैसे देणारी पद्धत अशीच चालते. ‘ऑन लोक’च्या हातात मात्र एकत्र रक्कम होती. दांडी बसवणे, उंबरा काढणे, जिन्यात दिवा लावणे हा तिच्यासाठी उपचाराचाच भाग झाला, कारण पडलेल्या माणसाचा खर्चही तिलाच सोसायचा होता. वृद्धांच्या सुरक्षिततेवर आपण परिसंवाद पुष्कळ घेतो. पैसा कोणत्या टप्प्यावर मिळतो, हा प्रश्न त्यांत क्वचितच निघतो, आणि माझ्या समजुतीने बाकीचे बहुतेक प्रश्न त्याच्या मागून येतात.

दुसरी गोष्ट गाडीच्या चालकाची. या पद्धतीत प्रत्येक वृद्धाची काळजी एक गट ठरवतो. त्यात डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ता, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ असतातच. पण अंघोळ घालणारी, कपडे बदलणारी मदतनीस आणि चालक हेही त्या गटाचे सभासद असतात. सरकारी नियमांत अशा अकरा भूमिका नेमून दिल्या आहेत आणि चालकाची त्यांत आहे. सकाळच्या बैठकीत त्याच्या बोलण्याला वजन असते. दार उघडायला आज नेहमीपेक्षा उशीर का लागला, कालचे जेवण तसेच टेबलावर का पडले होते, पायरी उतरताना आजोबांनी डावा हात का टेकला, हे तपासणीच्या खोलीत बसलेल्या डॉक्टरला दिसत नाही. रोज उंबऱ्याशी जाणाऱ्याला दिसते. त्याचे पाहणे नोंदीत येते आणि त्यावरून औषध बदलते. शिक्षण आणि पगार यांची उतरंड इतकी घट्ट असलेल्या वैद्यकीय जगात हे नियमात लिहून घेणे मला फार मोलाचे वाटते.

एका वस्तीतला प्रयोग बाकी देशात चालेल का, हा प्रश्न साहजिकच आला. १९८६ मध्ये संसदेने ‘ऑन लोक’सारख्या दहा केंद्रांना परवानगी देणारा कायदा केला. रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनसारख्या धर्मादाय संस्थांनी पैसे घातले आणि १९९० मध्ये पहिली अनुकरणे उभी राहिली. या पद्धतीला पेस असे नाव पडले. १९९७ च्या कायद्याने ती प्रयोगाच्या यादीतून निघून वृद्धांच्या मेडिकेअर योजनेचा कायम भाग झाली. वय ५५ किंवा अधिक, राज्याच्या निकषांनुसार नर्सिंग होमची गरज असल्याचा दाखला, आणि तरीही आधार मिळाल्यास घरी सुरक्षित राहता येईल अशी स्थिती, असा माणूस तिथे दाखल होऊ शकतो. आज तीसहून अधिक राज्यांत हे काम चालते. दाखल झालेल्यांपैकी बहुतेकांचा मुक्काम आपल्या घरीच असतो.

मात्र देशाच्या मानाने हा पसारा लहानच राहिला. दाखल व्हायचे तर वर्षानुवर्षांचा आपला डॉक्टर सोडून गटातला डॉक्टर घ्यावा लागतो, आणि उतारवयात ही गोष्ट अनेकांच्या जिवावर येते. केंद्र, गाड्या, कर्मचारी यांवर आधी मोठा खर्च करावा लागतो, वृद्ध मात्र सावकाश येतात. ठरावीक रकमेतच एक मोहही दडलेला आहे: सेवा कमी दिली की शिल्लक वाढते. २०१५ पासून नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनाही या कामात पूर्ण वाव मिळाला, तेव्हापासून ही काळजी अधिक खरी आहे. वस्तीला जाब देणारे विश्वस्त आणि भागधारकांना जाब देणारे संचालक यांच्या हाती एकच रक्कम दिली तर ती सारख्याच तऱ्हेने खर्च होईल, असे मी मानत नाही. तपासणी कडक हवी.

मार्च २०२० मध्ये करोनाने माणसे एकत्र आणणारी केंद्रेच बंद पाडली. तेव्हा एकत्र रकमेचा उपयोग पुन्हा दिसला. केंद्र बंद म्हणून मिळकत बंद, असे झाले नाही. जेवण, औषधे आणि फोन-व्हिडिओवरची तपासणी घरोघर नेता आली. ज्या गाड्या माणसे आणत, त्या डबे पोहोचवू लागल्या.

‘ऑन लोक’ आता चायनाटाउनपुरती नाही. खाडीपलीकडे फ्रीमाँट आणि दक्षिणेला सॅन होजे इथवर तिचे काम गेले आहे. याच भागात अनेक मराठी कुटुंबे राहतात आणि पुणे-मुंबईहून आलेले आईवडील त्यांच्याबरोबर म्हातारे होत आहेत. दुपारभर बंद घरात, गाडी चालवता येत नाही म्हणून अडकलेल्या या माणसांचे दिवस पाहिले की गाडी पाठवणारे केंद्र हवे, हे वेगळे सांगावे लागत नाही. पण मेडिकेडच्या मर्यादेपेक्षा थोडेच अधिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना एरवी मेडिकेडकडून येणारा हिस्सा खिशातून भरावा लागतो, आणि दरमहाची ती रक्कम बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जाते. अगदी गरिबांसाठी ‘ऑन लोक’ने वाट काढली, मध्यम मिळकतीच्या वृद्धांसाठी ती अजून निघालेली नाही.